निवांत कुलूप

सुनेत्राबाई आवटींचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाई. दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून त्यांनी ‘ओ कोथिंबीरवाले!’ अशी एक हाक घातली, की कोपऱ्यावरून पुढे निघून गेलेली भाजीची गाडी थबके आणि मागे वळे. मिरजेच्या ज्या बालवाडीत त्या शिकवत, तिथली चाळीस पोरे त्याच आवाजाने रांगेत बसत आणि त्याच आवाजाने पेंगत. त्यांच्या मुलाला, शर्विलला, लहानपणी मात्र त्या आवाजाची लाज वाटे. तो अबोल, भिंतीकडेने चालणारा मुलगा. शाळेच्या फाटकातून आईने नाव घेतले, की सारे पटांगण त्याच्याकडे वळून पाही. पुढे तो आवाज नाहीसा झाल्यावर त्याला सर्वांत अधिक आठवण येई ती या लाजेची.

त्या वर्षांत आवाज ही चोरण्याची वस्तू झाली होती. कुणाचे मिनिटभराचे बोलणे हाती लागले, तरी यंत्राला त्या माणसाच्या गळ्याने हवे ते वदवता येई. सुनेत्राबाईंच्या धाकट्या बहिणीला असाच एके दुपारी फोन आला. ताई अपघातात सापडली होती, रडत होती, दारी येणाऱ्या माणसाजवळ दागिन्यांचा डबा देऊन टाक म्हणत होती. मावशीने तो दिला.

“अगं, तूच बोललीस ना!” नंतर मावशी पुनःपुन्हा सांगत राहिली. “खोकलीससुद्धा अगदी तुझ्यासारखी!”

सुनेत्राबाईंनी त्याच संध्याकाळी मुलाला समोर बसवले. “माझा आवाज या घरात जिथे म्हणून सांडलाय ना, तिथून तो वेचून काढ आणि कुलपात घाल. तू तेच काम करतोस की.”

शर्विल तेच काम करीत असे. घरातल्या संगणकांवरचे खासगी फोल्डर आणि खिशात मावणाऱ्या ड्राइव्ह यांना कुलपे घडवणाऱ्या एका कंपनीत तो होता. आईचा शब्द त्याने अक्षरशः पाळला. आपल्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचे चित्रण, बालवाडीतली बडबडगीते, फोनवरचे जुने निरोप, कुणाच्या बारशातले हसणे, असे सारे त्याने वेचून ‘आई’ नावाच्या एका फोल्डरात आणले आणि बाकी सर्व ठिकाणांहून पुसून टाकले. नातेवाइकांना विनंती करून त्यांच्याकडचेही पुसायला लावले. लग्नाच्या चित्रणात आता सुनेत्राबाई नुसतेच ओठ हलवत मुलीला निरोप देत. त्याचे काम नेहमीच चोख असे.

त्यानंतर वर्षही सरले नाही तोच त्यांचा घसा बसू लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी शर्विलला बाजूला बोलावण्याआधीच सुनेत्राबाई म्हणाल्या, “इथेच सांगा. बालवाडीतल्या पोरांसारखं मला बाहेर बसवू नका.”

स्वरयंत्र काढावे लागणार होते. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली. मात्र डॉक्टरांनी धीर दिला, की गळ्यावर बसवण्याचे एक छोटे यंत्र आता मिळते. ओठांच्या आणि जिभेच्या हालचालींवरून ते शब्द ओळखते आणि मोठ्याने उच्चारते. माणसाचा जुना आवाज आधी जपून ठेवला असेल, तर ते त्याच आवाजात बोलायला शिकते. त्यासाठी वाचायची वाक्ये त्यांनी दिली. सुनेत्राबाई रोज संध्याकाळी खुर्चीत ताठ बसून ती वाचत आणि शर्विल समोर बसून ध्वनिमुद्रण करी. तेही सारे त्याच फोल्डरात, बोटभर लांबीच्या काळ्या ड्राइव्हवर गेले. तिला लावण्यासाठी त्याने कंपनीचे सर्वांत नवे कुलूप घरी आणले.

त्या कुलपाचे नाव होते ‘निवांत’.

जुन्या कुलपांची कथा एव्हाना संपली होती. परवलीचे शब्द यंत्रे क्षणात ओळखत. बोटांचे ठसे आणि चेहरे हुबेहूब बनवता येत. आणि हे काहीच जमले नाही, तर चोर मालकालाच धमकावून त्याच्याच हाताने कुलूप उघडून घेत. तेव्हा शास्त्रज्ञांनी निराळा विचार केला. हात कुणाचा आहे एवढेच कुलपाने का पाहावे? तो हात मोकळा आहे की नाही, हेही त्याला कळले तर?

हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर कधीच अगदी सारखे नसते. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात. या लहानशा लयीला प्रत्येकाची म्हणून एक वळणदार ठेवण असते. भीतीने, दुःखाने किंवा घाईने ही ठेवण मोडते. ठोके सैनिकांसारखे एका चालीत पडू लागतात. ‘निवांत’ तळहाताखाली ही लय, त्वचेचा ओलावा आणि बोटांचा सूक्ष्म कंप वाचे आणि त्यांतून दर वेळी नव्याने किल्ली जुळवी. किल्ली कुठेही साठवलेली नसे, कंपनीजवळही नाही. माणूस स्वस्थ असेल तरच ती जन्म घेई. औषध देऊन हृदय शांत केले तर लय फार सपाट होई, आणि कुलूप तेही ओळखी. आतले काही ऐकताना वा पाहताना हात ड्राइव्हवरच ठेवावा लागे. मध्येच स्वस्थता मोडली, तर एखादा चोर खोलीत आला असे समजून फोल्डर आपोआप मिटे. कुलूप कायमचे काढायचे, तर पाव तास सलग तसेच बसावे लागे. आणि लागोपाठ सात वेळा किल्ली जुळली नाही, तर ड्राइव्ह आपल्यातले सारे स्वतःच पुसून टाकी.

आईचा देह आता शस्त्रक्रियेने, औषधांनी बदलणार होता. तिची लय राहील याचा भरवसा नव्हता. म्हणून कुलपाचा मालक शर्विल झाला. मात्र नोंदणीसाठी पाव तास स्वस्थ बसणे त्याला जमेना. त्याचे हृदय जन्माचे घाईचे. दिवाळी दोन दिवसांवर आली, तरी ड्राइव्हवरचा दिवा तांबडाच.

नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याने ड्राइव्ह घेऊनच पाटावर बैठक मारली. पाटाभोवती रांगोळी होती, शेजारी कोमट तिळेलाची वाटी. सुनेत्राबाई मागे उभ्या राहिल्या.

“आंघोळीलासुद्धा तुझं ते काळं लेकरू कडेवर?”

“आज तरी जमतंय का बघतो.”

“बघ की. डोकं दे इकडे.”

त्यांनी तेल टाळूवर ओतले आणि दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. भक्कम हात होते त्यांचे. मान मागे-पुढे डुले, कानांत तेल उतरे, डोळे आपोआप मिटत. चोळता चोळता त्या बालवाडीचे कुठलेसे गाणे गुणगुणत होत्या; आवाज फाटत होता, तरी चाल सुटत नव्हती. शस्त्रक्रिया, डॉक्टर, दिवाळीनंतरचा तो दिवस, सारे त्या हातांखाली दूर गेले. त्याने डोळे उघडले, तेव्हा ड्राइव्हवरचा दिवा हिरवा झालेला होता. नोंदणी पुरी झाली होती.

नोंदणीच्या वेळी खोलीत दुसरे कुणी असू नये, असा कंपनीच्या माहितीपत्रकात नियम होता. तो नियम शर्विलनेच लिहिलेला होता. त्या पहाटे तो त्याला आठवलाही नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. जखम भरायला, किरणांचे उपचार संपायला उन्हाळा उजाडला. मग गळ्यावरचे यंत्र आले. त्यात कारखान्यातूनच भरलेला एक तयार आवाज होता, गोड, घासूनपुसून लख्ख केलेला, कुणा अनोळखी तरुणीचा. “शर्विल, जेवायला चल,” असे आईचे ओठ म्हणाले आणि ती तरुणी बोलली. शर्विल ताटावर बसला. मान वर न करता तो भात कालवत राहिला.

सुनेत्राबाई सज्जात गेल्या. भाजीची गाडी चालली होती. त्यांनी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवून हाक घातली. गाडीवाल्याने वर पाहिले, दुसरीच कुणी बाई असेल असे समजून चौथ्या मजल्याकडे नजर टाकली आणि निघून गेला. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवले. बालवाडीतली पाटी घेऊन तिच्यावर लिहिले, ‘माझा आण.’

त्या दुपारी शर्विलने ड्राइव्ह संगणकाला जोडली आणि वर तळहात ठेवला. दिवा तांबडा झाला.

त्याने पाणी प्यायले, लांब श्वास घेतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. तांबडा. मग त्याला उमगले. कुलपाने जी स्वस्थता त्याची म्हणून नोंदवली होती, ती त्याची नव्हतीच. ती आईच्या हाताखालची होती. आता आईचा आवाज मिळवायचा म्हणजे आईच्या आवाजाची तळमळ बाजूला ठेवून बसायचे. आणि बसायचे म्हटले, की ती तळमळच आधी पाटावर येऊन बसे. एखाद्या प्रयत्नात दिवा क्षणभर पिवळसर होई. तेवढ्याने आशा उसळे, हृदय धावे, आणि पुन्हा तांबडा.

त्याने घरात काही सांगितले नाही. “कंपनीकडून एक भाग यायचाय,” असे तो म्हणत राहिला. आईने पाटीवर प्रश्न विचारायचे आणि त्याने खोटे बोलायचे, असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शेवटी हुबळीहून त्याची मोठी बहीण ऋजुता आली. तिने पहिल्याच दिवशी त्याला स्वयंपाकघराच्या दाराआड गाठले.

“खरं सांग, शरू. तो भाग कधी येणार?”

त्याने खरे सांगितले. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात, पण एकेक शब्द तोडून बोलली, “लोक तिजोरीला कुलूप लावतात. तू आईच्या गळ्याला लावलंस.”

“ताई, चोर...”

“चोरानं निदान तो वापरला तरी असता!” बोललेले तिलाच सोसले नाही. “किती वेळा उरलेत?”

“दोन.”

दारात सुनेत्राबाई उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. त्या रागावल्या नाहीत. शर्विलच्या डोक्यावर हात ठेवून, केस कोरडे झालेत, असे तोंड त्यांनी केले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवले. दिवाळी चारच दिवसांवर होती.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुन्हा पाट मांडला गेला. रांगोळी ऋजुताने काढली. तेल कोमट केले. शर्विलने ड्राइव्ह जोडली, तळहाताखाली धरली, डोळे मिटले. मागे आईची चाहूल लागली. टाळूवर तेल पडले.

मग हात आले. उजवा हात खांद्याच्या वर नीट उचललाच जात नव्हता. मानेवरच्या शस्त्रक्रियेत खांद्याची नस दुखावली, की असे होते. डॉक्टरांनी तसे सांगितलेही होते. पण सांगितलेले ऐकणे वेगळे आणि ते आपल्या डोक्यावर जाणवणे वेगळे. पूर्वी मान डुलवणारे ते हात आता केसांवरून नुसते घसरत होते, जसे कुणी लहान मूल मोठ्या माणसाचे डोके चोळायचा हट्ट धरून बसले आहे. सुनेत्राबाई डाव्या हाताने उजवा मनगटापाशी धरून वर नेत, पुन्हा चोळत. गुणगुणणे नव्हते. गळ्यावरच्या छिद्रातून येणाऱ्या श्वासाचा तेवढा आवाज होता.

शर्विल जीव तोडून निवांत राहण्याचा प्रयत्न करीत होता. दिवा पिवळसर झाला. समोर बसलेल्या ऋजुताने ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात एक गरम थेंब शर्विलच्या मानेवर पडला. तो तेलाचा नव्हता.

दिवा तांबडा झाला.

“अजून एक आहे,” शर्विल घाईने म्हणाला. “आई, अजून एकदा. आता जमेल.”

सुनेत्राबाईंनी मान हलवली. समोर येऊन त्यांनी त्याच्या हाताखालून ड्राइव्ह काढून घेतली. पदराने तिच्यावरचे तेलाचे बोट पुसले. मग पाटी मागितली.

‘राहू दे,’ त्यांनी लिहिले. थोडे थांबून त्याखाली: ‘मला माझा आवाज पाठ आहे.’

ऋजुता उठून आत गेली. शर्विल पाटावर तसाच बसून राहिला. आईने ड्राइव्ह एका हिरव्या खणात गुंडाळून संगणकाच्या कपाटात ठेवली आणि मग, काहीच झाले नसल्यासारखे, त्याच्या पाठीला उटणे लावायला घेतले. न्हाणीघराच्या दाराशी नरकासुराच्या नावाचे चिराटे, ते कडू फळ, फोडायचे राहिले होते. तेही त्यांनी त्याच्याकडून पायाच्या अंगठ्याखाली फोडून घेतले.

संक्रांतीनंतर दुखणे उलटले. शेवटच्या दिवसांत त्या पुष्कळ बोलत. ओठ हलत राहत, आणि शर्विल त्या ओठांकडे पाहत आपल्या मनातला आवाज त्यांना लावीत राही. तो बरोबर लागत होता की नाही, हे सांगणारे कुणी नव्हते.

पुढे काही वर्षे गेली. दुःखाची म्हणून एक सवय लागते, आणि मग ती सवयही हळूहळू सुटते. शर्विल पहिल्यासारखा कामाला लागला. कधी मित्रांत हसू लागला. आईचा आवाज आठवायला गेले, की आधी तिचे शब्द येत, मग चाल येई. पण तो जो फाटका, रुंद, तीन गल्ल्या ओलांडणारा गाभा होता, तो काही केल्या येत नसे. शेवटची एक संधी त्या खणात गुंडाळलेली होती. तिला हात लावायचे त्याला धैर्य झाले नाही. ऋजुताही त्याविषयी बोलत नसे. दोघे भाऊबहीण फोनवर भाच्यांविषयी, हवेविषयी, आंब्यांविषयी बोलत. आणि आईविषयी बोलायचे आले, की दोघेही पाणी प्यायला उठत.

एका वैशाखात घराचे रंगकाम काढले. रंगाऱ्यांनी कपाटे रिकामी करून सारे एका पोत्यात भरले. खण कुठल्याशा पडद्यांत मिसळला, आणि कंपनीच्या एकसारख्या काळ्या ड्राइव्ह, नमुन्याच्या, बिघडलेल्या, जुन्या, अशा सगळ्या एकत्र झाल्या. रंग वाळल्यावर एका दुपारी शर्विल त्या एकेक जोडून पाहत बसला होता. फोन टेबलावर उभा होता. ऋजुता त्यातून आपल्या लेकीचा पराक्रम सांगत होती.

“शाळेत वेशभूषा होती रे. हिला झाड केलं. पानं लावली, फांद्या लावल्या, दोन तास मरमर केली. आणि स्टेजवर जाऊन ही बया म्हणते, ‘मी झाड आहे, म्हणून मी बोलणार नाही!’ आणि आली की उतरून!”

शर्विल मोठ्याने हसला. “बक्षीस द्यायला हवं होतं तिला.”

“मामावर गेलीये, दुसरं काय! तूही असाच होतास. मुका!”

हसता हसता त्याने पुढची ड्राइव्ह जोडली. जोडणी सैल होती, म्हणून ती तळहाताने दाबून धरली. खिडकीतून ताज्या रंगाचा वास आणि वारा येत होता. त्याला त्या वेळी कशाचीच घाई नव्हती, काहीच हवे नव्हते.

दिवा हिरवा झाला. पडद्यावर एकच फोल्डर उघडले. त्याचे नाव ‘आई’ होते.

“मग मी तिला म्हटलं...” ऋजुता सांगत होती. “शरू? ऐकतोयस ना?”

त्याला प्रथम जे कळले, ते कुलूप उघडल्याचे नव्हते. कळले ते हे, की आपण बरे झालो आहोत. तळमळ नावाची ती गोष्ट, जी आईचीच उरलेली शेवटची खूण म्हणून तो उराशी धरून होता, ती केव्हाच विझली होती; आणि एक यंत्र अत्यंत सभ्यपणे, हिरवा दिवा लावून, त्याला ते सांगत होते.

“ताई,” तो अगदी सावकाश म्हणाला, “उघडलंय.”

“काय उघडलंय?” आणि मग तिचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला. “हात हलवू नकोस, शरू. अजिबात हलवू नकोस. लाव. पहिलं येईल ते लाव.”

त्याने डाव्या हाताने पहिल्या ध्वनिमुद्रणावर टिचकी मारली.

“‘घाटातल्या ढगांखाली झाडांची छाया थंडगार असते,’” सुनेत्राबाई वाचत होत्या. रुंद, किंचित फाटका, भिंतींना पुरून उरणारा आवाज. “हे असलं वाक्य आयुष्यात कुणी बोलतं का रे? डॉक्टरांना विचार. बरं, पुढचं. ‘ठेकेदाराने...’ आणि तू असा काय बघतोयस माझ्याकडे? डोकं बघ तुझं, किती कोरडं पडलंय. हे झालं की ये, जरा तेल...”

दिवा तांबडा झाला. आवाज त्या शब्दावर तुटला. फोल्डर मिटले.

फोनमधून हुबळीच्या एखाद्या रस्त्यावरची घंटा ऐकू येत होती.

“घसा तेव्हाच बसलेला होता रे तिचा,” शेवटी ऋजुता म्हणाली. “आपल्या लक्षात नव्हतं ते.”

“हो.”

“पुसलं गेलं?”

“नाही. एकदा उघडलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आत सगळं आहे.”

“मग लाव ना परत.”

शर्विलचा हात अजून ड्राइव्हवरच होता. तळहाताखाली त्याचे हृदय शाळेच्या फाटकाकडे धावणाऱ्या मुलासारखे पळत होते. कितीतरी दिवसांनी पळत होते.

“आता नाही लागायचं, ताई. ते ऐकताना काही वाटून चालत नाही. काहीच वाटेनासं झालं, की लागेल.”

मग ऋजुता बोलली, आईने पाटीवर लिहिले होते तेच शब्द, आणि त्यांच्यापुढे आपले काही.

“राहू दे, शरू. तांबडाच राहू दे.”